नोंदवहीतले आपले नाव

प्रवासाला निघायचे म्हटले की आपल्या घरातली वडीलधारी माणसे एक प्रश्न हटकून विचारायची : "उतरायचं कुणाकडं?" तिकिटाची आणि खर्चाची चौकशी त्यानंतर. लॉज किंवा हॉटेल हे शब्द त्यांच्या हिशेबातच नव्हते. महाड, माणगाव, रोह्याकडून मुंबईला आलेला माणूस वरळी, नायगाव नाहीतर डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत कुणा नातेवाइकाच्या एका खोलीत उतरायचा. घरात आधीच आठ माणसे असली तरी नववे मावायचे. रात्री पुरुष मंडळी पथाऱ्या घेऊन गॅलरीत जायची, बाया-पोरे आत झोपायची. त्या पाहुणचारात माया होती यात शंका नाही. पण नुसती मायाच होती असेही नाही. परगावी पैसे देऊनसुद्धा आपल्याला जागा मिळेल याची खात्री नव्हती, हेही त्यामागचे कारण होते.

आज आपली मुले मोबाईलवर खोली राखून ठेवतात आणि खुशाल गोव्याला जातात. त्यांना हा प्रश्न पडत नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तो प्रश्न आपोआप सुटलेला नाही. तो कसा सुटला आणि कुठे अजून सुटायचा आहे, हे घरातल्या मुलाबाळांना सांगायला हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पेणचे दोन मुक्काम

आम्ही मूळचे महाडकडचे, राहणार मुंबईचे. १९९६ साली आमच्या घरातल्या एका लग्नाचे वऱ्हाड घेऊन पेणला गेलो होतो. मुलीकडच्यांचे घर लहान आणि बुद्धविहारात मंगल परिणयाची तयारी चाललेली. म्हणून आम्हा सात जणांची सोय बाजारपेठेतल्या एका जुन्या लॉजमध्ये केली होती. कौलारू छपराची, सागवानी खांबांची दुमजली इमारत, आणि रस्त्याच्या बाजूला लांब लाकडी गॅलरी. त्या लॉजचे नाव आम्ही लिहीत नाही. आज तिथे दुसरी पिढी बसते आणि तिचा काही अपराध नाही.

गल्ल्यावरच्या गृहस्थांनी आधी गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि शेवटी "पेणात कुणाकडं लग्न?" असे विचारले. तिसऱ्या उत्तरानंतर त्यांचा चेहरा बदलला. 'जागा नाही' असे ते म्हणाले नाहीत. गॅलरीच्या खोल्या उघड्या आणि रिकाम्या दिसत होत्या, तरी त्यांनी आम्हाला मागच्या बाजूच्या, संडासाला लागून असलेल्या दोन खोल्या दिल्या. पिण्याच्या पाण्याचा माठ बाहेर भरलेला होता. "तांब्या-पेला तुमचा तुम्ही वापरा," असे तेवढे त्यांनी सांगितले. नोंदवहीत आमची नावे लिहिली नाहीत. 'मुंबईची मंडळी – ७' एवढेच लिहिले आणि वही मिटली.

आमच्या आत्याबाई बरोबर होत्या. त्यांनी नुकताच वस्तीतल्या प्रौढ साक्षरता वर्गात सही करायला शिकून घेतली होती. "माझी सही नको का?" असे त्यांनी विचारले. गृहस्थ म्हणाले, "काही गरज नाही." लग्नघरी वाद नको म्हणून सगळे गप्प बसले. आत्याबाईंनी मात्र रात्रभर पंख्याखाली बसून काढली.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच घरातल्या पुढच्या पिढीच्या लग्नाला पेणला जाणे झाले. आता मुलीकडच्यांनी आमच्यासाठी खोल्या मोबाईलवरूनच घेऊन ठेवल्या होत्या. दारात उतरलो तेव्हा कळले की हे तेच लॉज! इमारतीचा कायापालट झालेला. कौले काढून नवीन छप्पर घातलेले, भिंती पांढऱ्याशुभ्र, प्रत्येक खोलीला फरशी बसवलेले न्हाणीघर आणि गरम पाण्याचा गीझर. सागवानी खांब तेवढे जुने ठेवून पॉलिश केलेले. जुन्या इमारतीचे मोल आता लोकांना कळू लागले आहे. भाडेही त्याच बेताने वाढले आहे!

गल्ल्यावर पंचविशीतला मुलगा होता. त्याने सगळ्यांची आधार कार्डे मागितली, आडनावे वाचली, संगणकावर टिपली आणि म्हणाला, "सकाळी दहाला खोली सोडायची, काका. नाश्ता खाली मिळेल." आणखी काही विचारले नाही. आत्याबाई आता पंच्याहत्तरीच्या. त्या काठी टेकत पुढे झाल्या. "बाळा, मला गॅलरीची खोली दे. आन् वही कुठं हाय? माझं नाव मीच लिवणार." मुलाने हसून कपाटातली वही काढून दिली. आत्याबाईंनी वेळ घेऊन, एकेक अक्षर जोडत आपले पूर्ण नाव लिहिले. गावाच्या रकान्यात मुंबई लिहिले नाही, आपले मूळ गाव लिहिले.

त्या रात्री गॅलरीत बसून त्यांनी नातवंडांना अठ्ठावीस वर्षांपूर्वीची हकिगत सांगितली. पोरांना ती खरी वाटेना. त्यांतली एक भाची मात्र गप्प होती. नवी मुंबईत नोकरीला लागल्यावर भाड्याची खोली शोधताना तीन ठिकाणी आडनाव ऐकल्यावर 'खोली दिली गेली' असे उत्तर तिला मिळाले होते. एका रात्रीसाठी खोली मिळते, पण वर्षभरासाठी मिळताना अजून आडनाव आडवे येते. फरशा बदलल्या हे खरे. सगळेच बदलले असे म्हणता येत नाही.

बडोद्याचे अकरा दिवस

नोंदवहीतल्या नावाची ही गोष्ट आपल्याला बाबासाहेबांपर्यंत नेते. अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून ते परत आले आणि १९१७ साली करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस बडोदा स्टेशनवर उतरला तेव्हा त्याच्यापुढे एकच प्रश्न होता : जायचे कुठे? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही भावना पुसली गेली होती. स्टेशनवर ती पुन्हा जागी झाली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

शेवटी ते एका पारशी मुसाफिरखान्यात गेले. ती जागा फक्त पारशांसाठी होती. रखवालदाराने तोड काढली : नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि रोजचा दीड रुपया द्यायचा. बाबासाहेबांना ते मान्य करावे लागले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाजूला न्हाणीघर आणि मोडक्या बाकांनी, खुर्च्यांनी भरलेले एक अंधारे दालन. वीज नव्हती. संध्याकाळी एक कंदील मिळायचा, त्याच्या उजेडात ते वाचत बसायचे.

अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. तू कोण, इथे कसा राहिलास, असा जाब त्यांनी विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी दिली. बडोद्यातल्या दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनी आपापल्या घरची अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचा वेळ त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढला. आज ती जागा 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते आणि आपले लोक तिथे श्रद्धेने जातात.

ही हकिगत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिली आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती पुस्तिका १९ मार्च १९९० रोजी प्रसिद्ध केली. लहानशी पुस्तिका आहे. दहावीतल्या मुलालाही एका बैठकीत वाचता येईल. तिच्यातल्या बहुतेक आठवणी प्रवासाच्या, पाण्याच्या आणि मुक्कामाच्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पारशी मुसाफिरखान्यात दीड रुपया रोज देऊनही बाबासाहेबांना स्वतःच्या नावाने राहता आले नाही, यातच सगळे आले.

महाडचा डाक बंगला

चवदार तळ्याचा इतिहास आपल्या प्रत्येक घरात सांगितला जातो. पण त्याच्या मुळाशी असलेल्या ठरावात पाण्याबरोबर धर्मशाळाही होत्या, हे पुष्कळांना माहीत नसते. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सरकारी वा सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला.

दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांना बाजारच्या दिवशी आपल्या माणसांचे होणारे हाल डोळ्यांसमोर दिसत होते. डोक्यावर मोळी घेऊन मैलोनमैल चालत आलेल्या बाईला महाडात घोटभर पाणी मिळत नव्हते, मग टेकायला जागा कुठली? मोरे, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांनी खटपट केली आणि १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यासाठी लागणारे पाणीसुद्धा चाळीस रुपयांचे विकत घ्यावे लागले होते.

बाबासाहेबांचा मुक्काम सरकारी डाक बंगल्यात होता. डाक बंगला म्हणजे दौऱ्यावरच्या साहेबासाठी, अंमलदारासाठी बांधलेली जागा. गावच्या धर्मशाळेसारखी ती पंचांच्या मर्जीवर चालत नसे, म्हणूनच ती मिळू शकली. २० मार्चला तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन लोक परतले. पाठोपाठ, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा गावात उठवली गेली. लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावाने मंडपात जेवायला बसलेल्या आणि गावाकडे परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला. अन्न मातीत मिसळले, माणसे रक्तबंबाळ झाली. मुसलमान कुटुंबांनी कित्येकांना घरात घेऊन दारे लावली, म्हणून ते वाचले. परक्याला संकटात घरात घेणे म्हणजे काय असते ते त्या दिवशी महाडात दिसले. आपण ते विसरता कामा नये.

डाक बंगल्यात जमलेल्या आपल्या माणसांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांचा एक शब्द निघाला असता तर गावात मुडदे पडले असते. त्यांनी सगळ्यांना आवरले. पोलीस अधिकाऱ्यांना सांगितले, तुम्ही तुमच्या बाजूच्यांना आवरा, मी माझ्या लोकांना आवरतो. बंगला त्या रात्री दुसऱ्या सरकारी अंमलदारासाठी राखीव होता, म्हणून त्यांना तो सोडावा लागला आणि पोलीस ठाण्यातल्या खोल्यांत मुक्काम हलवावा लागला. पण बडोद्याप्रमाणे गाव सोडून जाण्याची पाळी या वेळी आली नाही. जखमींची विचारपूस आणि हल्ल्याची चौकशी करूनच ते महाडहून निघाले.

धरमतर सोडून दासगाव

त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले. या प्रवासात आपल्या पेणच्या बाजूचाही धागा आहे. त्या काळी मुंबईहून बोटीने धरमतरला उतरायचे आणि तिथून मोटारीने पेणमार्गे पुढे महाडला जायचे, अशी वाट होती. बाबासाहेबांनी ती टाळली. मोटारवाल्यांनी आयत्या वेळी गाड्या नाकारल्या तर शेकडो माणसे वाटेतच अडकली असती, मग रात्री त्यांना उतरून कोणी घेतले असते? म्हणून २४ डिसेंबर १९२७ रोजी ते दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले. तिथून महाड पाच मैल. मोटार नसली तरी पाय होते! सगळी मंडळी घोषणा देत चालत गेली.

परिषदेला जागा द्यायला कोणी तयार नव्हते. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. किराणासुद्धा बाहेरून आणून ठेवला होता. २५ डिसेंबरच्या रात्री तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याबाबत कोर्टाची मनाई आलेली असल्याने सत्याग्रह तहकूब केला आणि लढा न्यायालयात नेला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. एक तळे खुले व्हायला दहा वर्षे लागली, आणि त्या काळात जिल्ह्याच्या कोर्टात तारखांना जाणाऱ्या साध्या माणसांनी रात्री कुठे काढल्या असतील, याचा विचार केला की जीव हळहळतो.

गाडगेबाबांची धर्मशाळा

सगळी दारे बंदच होती असेही नाही. संत गाडगेबाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली, कारण आषाढी-कार्तिकीला दूरदूरहून चालत येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना तिथे छप्पर नव्हते. अंगावर गोधडीची लक्तरे घातलेल्या या माणसाने लोकवर्गणीतून लाखोंच्या इमारती बांधल्या आणि स्वतः मात्र उघड्यावर झोपत राहिला. १९४९ साली ही धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करण्यात आली. ज्या इमारतीत वारकरी झोपत होते ती शिकणाऱ्या मुलांच्या कामी यावी, हा विचार त्यामागे होता. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबांनीही देह ठेवला.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही टाटा इस्पितळात उपचारासाठी येणाऱ्या कॅन्सरच्या रोग्यांना आणि त्यांच्या नातलगांना आधार देते. गावाकडचा कुणी आजारी माणूस घेऊन मुंबईला येत असेल तर त्याला ही माहिती जरूर द्या.

अमेरिकेतही तेच

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकत होते. त्याच देशात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या एका काळ्या पोस्टमनने १९३६ साली एक मार्गदर्शिका काढली. कोणत्या गावात काळ्या प्रवाशाला जेवण मिळेल, रात्री खोली मिळेल, गाडीत पेट्रोल भरून मिळेल, याची ती यादी होती. 'ग्रीन बुक' या नावाने ती घरोघर गेली. एक दिवस असा येईल की या पुस्तकाची गरज उरणार नाही, अशी आशा तो त्यात व्यक्त करी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला भेद बेकायदा ठरला आणि १९६६-६७ च्या आवृत्तीनंतर ते पुस्तक बंद पडले. ग्रीन मात्र १९६० मध्येच वारला होता.

मेम्फिस शहरातले लॉरेन मोटेल असेच काळ्यांना खुले असलेले ठिकाण. एका काळ्या दांपत्याने १९४५ मध्ये ते घेतले होते. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तिथे उतरत. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी आले असताना ४ एप्रिल १९६८ रोजी त्याच मोटेलच्या गॅलरीत त्यांची हत्या झाली. ती इमारत लोकांनी पडू दिली नाही. १९९१ पासून तिथे नागरी हक्कांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि त्यांची खोली होती तशी जपलेली आहे. जुन्या मुक्कामाच्या जागेची डागडुजी अशीही करता येते : भिंत नवी करायची, पण तिथे काय घडले ते पुसायचे नाही.

जुना मुक्काम

आपल्या रायगड जिल्ह्यात मुक्कामाच्या जुन्या जागा कुठल्या? कुडे आणि गांधारपाले येथील लेणी. राजपुरीच्या खाडीजवळ कुडे येथे २६ बौद्ध लेणी आहेत, आणि महाडच्या वेशीवर, हमरस्त्यालगतच्या डोंगरात गांधारपालेची. दगडात कोरलेल्या लहान खोल्या, आत झोपण्यासाठी दगडी ओटे, बाहेर पाण्याची टाकी. 'विहार' या शब्दाचा अर्थच मुळी राहण्याची जागा. कुड्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. राजघराण्यातली आहेत, तशीच कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याची, एका वैद्याची, एका माळ्याची, आणि स्त्रियांचीही आहेत. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी माळ्याचे नाव दगडावर कोरले गेले आणि आजही वाचता येते!

निघण्यापूर्वी

मुंबई-गोवा रस्त्याने पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, लोणेरे करीत महाडला जाता येते. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, ते मुलांना दाखवा. रेल्वेने जाणाऱ्यांना रोह्यापुढे कोकण रेल्वे लागते. महाडला वीर स्टेशन जवळचे. १९-२० मार्च आणि २५ डिसेंबरला महाडात गर्दी उसळते, मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी. इतर दिवशी गेल्यास चवदार तळे आणि गांधारपाले एका दिवसात निवांत पाहून होतात.

कायदाही माहीत असू द्या. राज्यघटनेच्या कलम १५ नुसार दुकाने, हॉटेले, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्या बाबतीत जातीवरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना इथल्या भांड्यांचा वापर नाकारणे हाही गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. त्याशिवाय १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आम्हाला १९९६ साली हे कलम ठाऊक असते तर आत्याबाईंच्या प्रश्नाला निदान एक उत्तर तरी देता आले असते. तुमच्या मुलांना ते ठाऊक असावे. असा प्रसंग आलाच तर तारीख, वेळ, बोललेले शब्द लगेच लिहून ठेवावे, पावती जपावी, साक्षीदाराचे नाव घ्यावे आणि मगच पोलीस ठाण्याची पायरी चढावी.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःच्या दाराची. पेण-रोह्याच्या बाजूला कातकरी बांधव वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि कच्च्याबच्च्यांसह भट्टीच्या कडेलाच झोपड्या घालून राहतात. अवकाळी पावसाची सर आली तर ती कुटुंबे कुठे जातात? गावोगावी आपण वर्गणी काढून विहार बांधले, त्यांना फरशा बसवल्या, पंखे लावले. रात्री बहुतेक विहारांना कुलूप असते. ती किल्ली कुणाकडे आहे आणि अडल्या माणसासाठी ती मिळते का, एवढी चौकशी प्रत्येकाने आपल्या वस्तीत करावी. महाडात संकटाच्या वेळी ज्यांनी आपल्या माणसांना घरात घेतले, त्यांनी आधी आडनाव विचारले नव्हते.

जयभीम!